सव्वा मिलिमीटर

७ ऑक्टोबर, मंगळवार

मुलींच्या शाळेचं काम घेतलं. घेताना जीभ चावायला हवी होती.

पलंगाचे पाय, कठड्यांचे खांब, पाळण्याचे दांडे, यांतच माझा जन्म गेला. लेथवर लाकूड फिरू लागलं आणि पटाशी टेकवली की हवी तिथे कंबर काढता येते. एखादा पाय सूतभर जाड झाला तर पलंग तक्रार करत नाही. आता शाळा वरच्या मजल्यावर खगोलाची खोली करते आहे. छताला सगळे ग्रह आणि त्यांचे मोठे चंद्र टांगायचे, आणि तेही एकाच प्रमाणात. म्हणजे वर ते जसे लहानमोठे आहेत, तसेच खाली.

मापं विज्ञानाच्या बाईंनी दिली. पोरसवदा आहेत, पण बोलतात ठाम. पृथ्वी चार सेंटिमीटर धरायची, लिंबाएवढी. त्या हिशेबाने गुरू पंचेचाळीस सेंटिमीटर. म्हटलं, "बाई, एवढं लाकूड माझ्या लेथवर फिरणारच नाही." तर म्हणाल्या, "मग पृथ्वी लहान करू." पृथ्वी लहान केली की बुध वाटाण्याएवढा होतो आणि आपला चंद्र मिरीएवढा. शेवटी ठरलं, गुरू आणि शनी तुकडे जोडून, आतून पोकळ करायचे. लेथची बैठक मला उंच करावी लागणार.

गावच्या शाळेत भिंतीवर एक तक्ता होता. त्यात सगळे ग्रह एका मापाचे होते, माळेतल्या मण्यांसारखे. गुरुजी एकेकावर छडी ठेवायचे आणि आम्ही सुरात नावं म्हणायचो. इतकी वर्षं मी तसंच समजत आलो. गुरूच्या पोटावर अकरा पृथ्व्या शेजारी शेजारी मावतात हे आज कळलं आणि रागच आला. कोणाचा, ते सांगता येत नाही.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "सगळे ग्रह तुमच्याच हातात आलेत, तर आपला शनी तेवढा जरा लहान काढा."

९ ऑक्टोबर, गुरुवार

गोळा करणं म्हणजे काय ते आज समजलं. पायाला वर-खाली असतं, मागची बाजू भिंतीकडे करता येते. गोळ्याला पाठच नाही. पत्र्यात अचूक मापाचं भोक पाडून त्यातून गोळा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहायचा. कुठे अडला तर फुगीर, कुठे उजेड दिसला तर चपटा.

पृथ्वी चार वेळा केली. चारही जळणात. बायको दारातून डोकावून म्हणाली, "अहो, आम्ही राहायचं कुठे मग?"

मला हसू आलं नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

रोज सकाळी लेथपुढे दिवा लावतो, नाव घेतो आणि मगच पट्टा चढवतो. या आठवड्यात नाव घेतानाही डोक्यात मिलिमीटर. देव काय म्हणत असेल.

लहान गोळे झाले. बुध आणि शुक्र, मंगळ, आपला चंद्र, गुरूचे चार, शनीचा टायटन, आणि शनीचे व त्यापलीकडच्या ग्रहांचे आणखी आठ चंद्र. मंगळाचे दोन चंद्र करायचे नाहीत, कारण या प्रमाणात ते धुळीच्या कणाएवढेही होत नाहीत. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "ते असू द्या." असू द्या म्हणजे नसू द्या. पण काम करताना एक चूक सापडली. बाईंच्या मापात बुध सव्वापंधरा मिलिमीटर होता आणि गुरूचा गॅनिमीड नावाचा चंद्र साडेसोळा. चंद्र ग्रहापेक्षा मोठा! शिकलेल्या माणसाचीही नजर चुकते. मी काही बोललो नाही, त्यांना लाजवायचं कशाला. दोघांची मापं गुपचूप बदलली आणि बुध साडेसोळाचा, गॅनिमीड सव्वापंधराचा केला. रंगही दिला.

शाळेने प्रत्येक गोळ्यामागे एक दाता धरलाय, खाली त्याच्या नावाची पट्टी लागणार. बुध भांड्यांच्या दुकानवाल्या थोरल्या शेठचा आहे. शाळेच्या समितीचे अध्यक्षही तेच. आज ते स्वतः बघायला आले. आमच्या गल्लीचा चढ चढून आले तर बराच वेळ दाराला धरून उभे. बुध तळहातावर घेतला, मूठ मिटली, उघडली. म्हणाले, "टपोरा झालाय." मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "आणि धाकट्याचा कुठला?"

धाकटे म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ. त्यांनी वर्गणी उशिरा दिली. तोवर ग्रह संपले होते, म्हणून त्यांच्या वाट्याला गॅनिमीड आला. वडील गेल्यावर दोघांनी दुकान मधोमध भिंत घालून वाटून घेतलं. ती भिंत मधोमध नाही, वीतभर आपल्याकडे सरकलीय, असं थोरल्यांचं म्हणणं. तेव्हापासून अबोला. बाजारातल्या कोणालाही विचारा.

मी गॅनिमीड दाखवला. थोरल्यांनी दोन्ही शेजारी धरले, बुधाकडे पाहून मान हलवली आणि गेले. त्यांच्याइतकं खूश गिऱ्हाईक या कामात पुढे मिळेल असं वाटत नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

लाज वाटते लिहायला, तरी लिहितो.

विज्ञानाच्या बाई आल्या, कॅलिपर घेऊन एकेक गोळा मोजला. बुधावर थांबल्या.

"मिस्त्री, हा मोठा झालाय. आणि गॅनिमीड लहान."

"तुमच्याकडून आकडे उलटे पडले होते, बाई. मी नीट केले."

त्यांनी तोंडावर हात धरला. हसू दाबायला, दुसरं काय. "उलटे नव्हते हो. तो चंद्र बुधापेक्षा मोठाच आहे. टायटनसुद्धा मोठा आहे."

"चंद्र? ग्रहापेक्षा?"

"चंद्र कोणाला म्हणायचं ते आकारावरून ठरत नाही. कोण कोणाभोवती फिरतो त्यावरून ठरतं."

"म्हणजे अंगाने मोठं असून दुसऱ्याभोवती फिरायचं?"

"आमच्या घरी या एकदा, दाखवते," त्या म्हणाल्या.

दोन्ही पुन्हा करायचे. चुकीची जोडी पत्र्याच्या डब्यात टाकून फळीवर ठेवली. दिवसभर पटाशीला धार लागत नव्हती, की हातालाच नव्हती. मोठ्याने मोठं असावं आणि लहानाने लहान, एवढी साधी गोष्ट मला देवाने बांधलेली वाटत होती. बांधलेली आहे तीही, पण माझ्या गाठीने नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज धाकटे शेठ. कामाच्या ऐन भरात. नवा गॅनिमीड दाखवला तर "बरा आहे" म्हणून लगेच परत दिला. बुध मात्र हातात घेऊन फिरवत बसले. हेरगिरी, दुसरं काय.

"दादा आला होता म्हणे?"

"आले होते."

"चढ चढून? चालत?"

"मग काय उडत?"

"दम लागला होता का त्याला?"

"शेठ, मी लाकूड बघतो. लोकांचा श्वास मोजत नाही."

मग म्हणाले, "तुमच्याकडे बसायला काही नाही वाटतं." मी सांगितलं, एक स्टूल आहे, त्यावर सरसाचं भांडं असतं. गेले एकदाचे.

संध्याकाळी त्यांच्या दुकानातला गडी हातांची एक खुर्ची घेऊन आला. "मालकांनी दिलीय, दुकानात पडून होती." आता ती लेथ आणि दाराच्या मध्ये. जाता-येता गुडघ्याला लागते.

बायको म्हणाली, "कोणासाठी पाठवलीय, कळलं का?"

"माझ्यासाठी. माझी पाठ दुखते हे कोणीतरी सांगितलं असेल त्यांना."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग "असेल, असेल" म्हणून आत गेली.

२ नोव्हेंबर, रविवार

गुरू फुटला.

लाकडाच्या गोल कड्यांवर कडी चिकटवून बारा-तेरा दिवस वाळवला, लेथवर चढवला, गोल उतरवला. काल हात फिरवला तर लोण्यासारखा लागत होता. आज सकाळी पाहतो तो मधल्या सांध्यात नखभर फट. लाकूड ओलं निघालं. वखारवाला म्हणाला होता, "मिस्त्री, हाडासारखं वाळलंय." त्याच्या हाडांना काय म्हणावं.

आता ती कडी काढून नवीन बसवायची, म्हणजे पुन्हा वाळवणं, पुन्हा उतरवणं.

दिवा लावून बसलो तेव्हा मनात आलं, ज्याने खरा गुरू केला त्याला मापं कोणी दिली असतील? त्याने गॅनिमीडला एका ग्रहाहून मोठं केलं आणि चंद्रच ठेवलं. गॅनिमीड काही रुसला नाही. रोज आपला फिरतोय. माझ्या हातून फुटला तर मी सकाळपासून घरात कोणाशी धड बोललो नाही. पण त्याचा गुरू फुटत नसेल, म्हणून त्याला शांत राहणं जमतं.

असं लिहू नये. लिहून गेलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

वार बुधवार आणि भांडण बुधावरून.

थोरले आले, खुर्चीत टेकले, धाप ओसरल्यावर म्हणाले, "बघू आमचा." मी नवा दिला. त्यांनी मूठ मिटली आणि त्यांचा चेहरा बदलला. भांड्याचं वजन हाताने ओळखणारा माणूस, त्याला सांगावं लागत नाही.

"हा तो नाही."

सगळं समजावलं. माझी चूक, बाईंची मापं, कोण कोणाभोवती फिरतं, सगळं.

"म्हणजे धाकट्याचा मोठा?"

"सव्वा मिलिमीटरने, शेठ. डोळ्याला दिसतसुद्धा नाही."

"तो इथे येऊन गेला. गेल्या महिन्यात. मला कळलंय. आधी माझा मोठा होता, तो येऊन गेला आणि लहान झाला."

"त्यांच्या आधीच झाला होता."

"दुकानातही त्याचीच बाजू मोठी, आता आकाशातही त्याचाच मोठा?"

"शेठ, आकाशाची वाटणी मी नाही केली."

बोलून गेलो. ते उठले, खुर्ची मागे सरकली ती माझ्या सरसाच्या भांड्यावर.

एक कळत नाही. टायटनही त्यांच्या बुधापेक्षा मोठा आहे, मी तो शेजारी ठेवून दाखवला. तो माजी विद्यार्थिनींच्या नावावर आहे. त्याबद्दल त्यांनी ब्र काढला नाही. मोठेपणाच हवा तर टायटनशीही भांडायला हवं. माणसाला हिशेब नसतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर चहा दोन वेळा आला आणि दोन्ही वेळा गार झाला.

थोरल्यांनी सांगितलंय की बुध पहिल्यासारखा झाला नाही तर वरच्या खोलीची किल्ली देणार नाही. एकवीस तारखेला उद्घाटन, आणि आम्हाला टांगायलाही आत जाता येत नाही.

"मिस्त्री, तुमच्याकडे पहिली जोडी आहे ना? तीच लावा."

"ती खोटी आहे, बाई."

"सव्वा मिलिमीटर. आकाश कोसळत नाही तेवढ्याने. मुली काय शिडी लावून मोजणार आहेत?"

"मग मला तरी मोजून करायला का सांगितलं? अंदाजे केले असते. गुरू फुटला नसता."

त्यांनी गार चहा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "या खोलीसाठी मी चार वर्षं लोकांच्या दारात उभी राहिलेय. बावीस गोळ्यांपैकी वीस खरे मिळत असतील तर मी घेईन." त्यांचं चुकतंय असं म्हणवत नाही. विज्ञानाच्या बाई खिडकीशी उभ्या होत्या. ओठ घट्ट, पण बोलल्या नाहीत. नोकरी आहे त्यांना.

मी "बघतो" म्हणालो. बघतो म्हणजे नाही, हे त्यांना कळलं असावं.

घरी बायकोने विचारलं, "सव्वा मिलिमीटर म्हणजे किती हो?" दोन नखं जवळ धरून दाखवलं.

"एवढ्यासाठी?"

"प्रश्न एवढ्याचा नाही. खरं ते खरं."

"ते दोघेही भिंतीबद्दल हेच म्हणत असतील."

मी पानावरून उठलो नाही, पण भाजी पुन्हा मागितली नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आता मात्र कमाल झाली.

धाकटे आले. खुर्ची रिकामी होती तरी बसले नाहीत, तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "मिस्त्री, एक काम आहे. कोणाला सांगायचं नाही."

"बोला."

"आमच्या गोळ्यावर थोडा पॉलिशपेपर मारा. दोन मिलिमीटर उतरवा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "लहान करू?"

"दादाचा मोठा राहू दे. भिंतीच्या वेळी मी ऐकलं नव्हतं त्याचं."

"शेठ, दोन मिलिमीटर उतरवले तर तो बुधाच्या खाली जाईल, टायटनच्या खाली जाईल, गुरूचा दुसरा चंद्र कॅलिस्टो, त्याच्याही खाली जाईल. मग तो गॅनिमीड राहणारच नाही."

"न राहू दे. मला काय करायचंय त्याला गॅनिमीड ठेवून?"

मी हात जोडले. सांगितलं, एक म्हणतो वाढवा, दुसरा म्हणतो उतरवा, आणि वर म्हणतो कोणाला सांगू नका. मी काय फुगे विकतो? ते कसनुसं हसले, बुध उचलून एकदा तळहातावर घेतला, ठेवला. जाताना म्हणाले, "दादाला चढ उतरताना बघा जरा. तिथे खडी निसटते."

चढ शहराचा, खडी नगरपालिकेची, बघायचं मी.

बायकोला सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. ती भांडी घासत होती, तिचा हात थांबला. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"नाही म्हणालो. मापात नाही ते कसं करू?"

"देवा," ती म्हणाली. माझ्या देवाचं नाव ती सहसा माझ्यासाठी घेत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गुरू पुन्हा जोडला, उतरवला, रंगवला. पट्टे बरे आलेत. शनीची कडी बसली. सगळं तयार आहे आणि खोलीला कुलूप आहे.

सकाळी दिव्यापुढे बसलो. हात जुळले, बाकी काही जुळलं नाही. वीस खरे की बावीसच्या बावीस कुलपाबाहेर? मोठ्या बाईंचा गार चहा डोळ्यांपुढून जात नाही. दुपारी फळीवरचा डबा काढला, खोटी जोडी पुसली आणि त्यांना निरोप पाठवला की पहिलीच लावतो.

निरोप गेल्यावर एक पलंगाचा पाय उतरवायला घेतला. जुनं काम, डोळे मिटून होतं. तोही वाकडा गेला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

थोरले सकाळीच आले. हातात किल्ली. खुर्चीत बसले, धाप गेली, चेहऱ्यावर जिंकल्याचं समाधान. खरं म्हणजे फारसं समाधान नव्हतं, पण मला तसं वाटून अजून राग आला.

"पहिला लावताय ना?"

"लावतोय," मी म्हणालो. आणि मग माझा बांध फुटला. "लावतोय आणि सुटतोय. तुम्ही म्हणता आमचा वाढवा. तुमचे भाऊ म्हणतात आमचा उतरवा. मोठ्या बाई म्हणतात कसाही लावा. या सगळ्यात खरं माप कोणालाच नको आहे, मग मी महिनाभर लाकूड कशाला जाळलं?"

"कोण म्हणतं उतरवा?"

सांगायचं नव्हतं. पण अर्धं तोंडातून गेलंच होतं. "धाकटे शेठ. पॉलिशपेपर मारा म्हणाले. दादाचा मोठा राहू दे. मागच्या शुक्रवारी, इथेच उभे होते, या खुर्चीला धरून. आणि ही खुर्चीही त्यांचीच, ती माझ्या गुडघ्याला लागते. ती तेवढी घेऊन जायला सांगा."

"ही त्याच्याकडची?"

"हो. तुम्ही पहिल्यांदा आलात आणि मग त्यांनी पाठवली. मी मागितली नव्हती."

थोरल्यांनी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं, धूळ असल्यासारखं. उठले. परत बसले. मी समजलो यांना बरं वाटत नाही, पाणी दिलं. ते प्यायले नाहीत, धरून बसले.

मग म्हणाले, "खरे कुठले? खरे दाखवा."

मी सव्वापंधराचा बुध आणि साडेसोळाचा गॅनिमीड पुढे केले. त्यांनी रुमाल पसरला, दोन्ही त्यात ठेवले, गाठ मारली, रुमाल खिशात घातला आणि निघाले.

"शेठ! परवा उद्घाटन आहे! कुठे नेताय?"

मागे वळून पाहिलं नाही. पाण्याचा पेला हातातच घेऊन चढ उतरले. किल्लीही गेली, गोळेही गेले आणि पेलाही. याला काय म्हणावं?

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी बाजारात गेलो. थोरल्यांचं दुकान उघडं, गल्ल्यावर कोणी नाही. म्हटलं, चौकशी तरी करावी, म्हणून भिंतीपलीकडे धाकट्यांच्या दुकानात डोकावलो. तर थोरले तिथे, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर. धाकटे गल्ल्यामागे. मध्ये काचेच्या टेबलावर माझे दोन गोळे, त्यांवर दोघांनी कडेला बोटं लावून सावरलेलं एक सपाट ताट आणि ताटात चमचाभर पाणी. दोघांची डोकी ताटाला लागलेली.

"तुझ्याकडून माझ्याकडे येतंय पाणी. बघ. म्हणजे तुझा मोठा."

"ताट वाकडं असेल."

"तुझ्या दुकानातली सगळी ताटं वाकडीच असतात."

"मग आण तुझ्याकडचं."

"आणतो."

"बस तू, मी आणतो."

"माझ्या दुकानात हात नको घालूस," थोरले म्हणाले आणि उठले. भिंत मध्ये असल्यामुळे रस्त्यावर उतरून, वळसा घालून जावं लागतं. गेले आणि ताट छातीशी धरून धापा टाकत आले. धाकट्यांनी तोवर स्टूल पुसून ठेवलं होतं. दारात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना कोणी विचारलं नाही. मलाही नाही.

नवं ताट ठेवलं. पाणी ओतलं. पाणी हळूच तिकडेच गेलं.

"तुझाच मोठा," थोरले म्हणाले.

"किंचित."

"सव्वा मिलिमीटर," मी म्हणालो.

"तुम्हाला कोणी विचारलं, मिस्त्री?" दोघं एकदम म्हणाले. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरल्यांचे डोळे भरून आले होते. रस्त्यावर धूळ फार, त्यात दोनदा वळसा.

मी म्हटलं, "शेठ, गोळे द्या. मला अजून बावीस दोरे बांधायचे आहेत."

थोरल्यांनी स्वतः ते पुसले, रुमालात बांधले आणि किल्लीबरोबर माझ्या हातात दिले. "जपून न्या. त्याचा मोठा आहे."

दिवसभर शिडीवर होतो. मान धरली. खरी जोडी लागली. विज्ञानाच्या बाईंनी खालून प्रत्येक दोरा तपासला आणि शेवटी, "झालं, मिस्त्री," एवढंच म्हणाल्या, पण असं म्हणाल्या की मला खाली उतरायला वेळ लागला. पेला विचारायचा राहिला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्घाटन झालं. झालं म्हणायचं.

गुरूसाठी मी लेथ उचलली, दोनदा सांधला, माझी झोप घालवली. त्याच्याकडे पाहुण्यांनी एक नजर टाकली, "केवढा हा" म्हणाले आणि पुढे. सगळी गर्दी त्या दोन बोरांएवढ्या गोळ्यांखाली, कारण थोरले तिथे उभे राहून येईल त्याला सांगत होते, "हा माझा. आणि तो धाकट्याचा. चंद्र आहे, पण माझ्यापेक्षा मोठा. मोजलाय आम्ही." एका मुलीने विचारलं, "मग तो चंद्र का?" तर थोरल्यांनी धाकट्यांकडे पाहिलं. धाकटे म्हणाले, "फिरावंसं वाटतं त्याला, म्हणून." विज्ञानाच्या बाई पुढे होऊन चूक सुधारतील असं मला वाटलं. त्या पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या.

त्याआधी जिन्यात मोठाच खोळंबा झाला होता. थोरले दर चार पायऱ्यांनी थांबत होते. धाकटे त्यांच्या एक पायरी मागे, एक हात कठड्यावर आणि दुसरा थोरल्यांच्या पाठीमागे, न टेकवता, नुसता धरलेला. बाजूने सहज पुढे निघून गेले असते, एवढी जागा होती. नाही गेले. मागे मोठ्या बाई, पाहुणे, शंभरेक मुली आणि हातात कात्री घेतलेला शिपाई, सगळे ताटकळत. कोणी "चला" म्हणेना. मी सगळ्यांत शेवटी होतो, कठड्यावरून वाकून पाहिलं तेव्हा एवढं दिसलं, बाकी नुसतं थांबणं.

मोठ्या बाईंना सांगितलं पाहिजे, जिना अरुंद आहे.